ग्रेडियंट मारलाय तर दिसला पाहिजे की!

कोल्हापुरात रंकाळा तलावावरचा सूर्यास्त जसा दिसतो तसा टाकायचा नाही भावा, हे आधी डोक्यात पक्कं कर. तसा तर चौपाटीवर भेळ खात उभारलेल्या कुणालाही फुकटात दिसतोय, मग तू फोटोशॉप कशाला शिकलास?

तर फोटो उघड, जी दाबून ग्रेडियंट टूल, म्हणजे एक रंग दुसऱ्यात विरवायचं हत्यार, घे आणि वरनं खाली केशरी ओढ. काही शहाणे सांगतील लांब ओढ म्हणजे रंग हळूहळू विरतो, कुठं सुरू झाला कुठं संपला ते कळत नाही. अरे पण कळायलाच पाहिजे ना, मेहनत तू केलीस! दोन बोटं ओढायचं आणि सोडायचं, आभाळात वर मिसळीचा कट आणि खाली नुसतं पाणी, असा सरळ पट्टा उठला पाहिजे.

मधी रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसचा घड्याळाचा टॉवर येतो. ग्रेडियंटला आभाळ कुठलं आणि इमारत कुठली काय कळत नाही, त्यामुळं १९३०च्या दशकातल्या त्या टॉवरचं डोकं केशरी आणि धड दगडी होतं. होऊ दे. लेयर मास्क म्हणून एक प्रकार असतोय, पांढऱ्यात इफेक्ट दिसतो, काळ्यात झाकतो, करड्यात अर्धवट, म्हणजे टॉवरवरनं काळा ब्रश फिरवला की केशरी जातो आणि मूळ फोटोला धक्का पण लागत नाही. भित्र्या लोकांची कामं ही. आपण डायरेक्ट बॅकग्राउंडवर मारायचं.

आपले जुने चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थ तलावाच्या पाण्यावरचा उजेड रंगवायचे, एक रंग दुसऱ्यात कधी शिरला पत्ता लागत नाही, पण त्यांच्याकडं ओपॅसिटीचा, म्हणजे रंग किती गडद बसवायचा त्याचा, स्लायडर नव्हता ना. तुझ्याकडं आहे, १०० वरच ठेव.

आता हाच फोटो भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला मागं लावायचा. ८ बिटच्या फोटोत एका चॅनलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा यातल्या एकेकाला, २५६च पायऱ्या, त्यात गडद निळ्यातनं जरा कमी गडद निळ्यात जायचं म्हटलं की त्यातल्या थोड्याच वाट्याला येतात, आणि त्या वीस फुटांवर ताणल्या की आभाळात पट्टे पडतात. १६ बिट घे, रंगांचे ठिपके मिसळणारं डिदर चालू ठेव, थोडा नॉइज म्हणजे बारीक दाणे टाक, पट्टे मोडतात. पण मोडायचे कशाला, भाऊंच्या मागं तेज पसरल्यागत वाटतंय की! डोक्यामागं एक रेडियल, म्हणजे गोल ग्रेडियंट, पांढऱ्यातनं पिवळ्यात, तो तर नियमच आहे.

खाली कार्यकर्ते. ते छातीपासून खाली विरत जातात, सगळे रंकाळ्यातनं वर आल्यासारखे. ज्यानं वर्गणी कमी दिली त्याचा ग्रेडियंट गळ्यापासनं सुरू कर.

मग सगळं फ्लॅटन कर, म्हणजे सगळे लेयर एकात घाल, जेपीजी काढ आणि सुटे लेयर असलेली पीएसडी फाइल उडवून टाक. रात्री गळ्यापासनं विरलेल्याचा फोन येणारच, मला पण छातीपर्यंत घे म्हणून. सांगायचं, दादा, लेयर मर्ज झाल्यात, आता काय होत नाही.