सव्वा मूठ गहू, सव्वा मण सल्ले

मुलाच्या प्रगतीसाठी तुम्ही काही ध्येय ठरवलं असेल, तर सगळ्यात आधी ते घरात सर्वांना सांगून टाका. नुसतं सांगू नका, कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. फ्रिज शक्यतो पुढच्या खोलीत असावा, म्हणजे दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांच्या नजरेत येईल. ध्येय मनातच ठेवलं तर ते पूर्ण होऊन जाण्याचा धोका असतो.

मी हे अनुभवानं सांगते. आमचा पोऱ्या दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. 'मम', 'आ' आणि ट्रॅक्टर सुरू होतानाचा आवाज, एवढंच त्याचं शब्दभांडार. या वयापर्यंत मुलं दोन शब्द जोडून काहीतरी म्हणायला लागतात, 'आई ये', 'बाबा गेले' असं. आमच्याकडे बाबा गेले की ट्रॅक्टर सुरू व्हायचा. शेवटी आम्ही स्पीच थेरपीवाल्या मॅडमकडे गेलो. मला वाटलं, त्या चार पानी तक्ता देतील. त्यांनी तीन महिन्यांसाठी एकच काम दिलं: तहान लागली की पोऱ्यानं स्वतःहून पाणी मागायचं. शब्दानं, खुणेनं, कसंही. आणि आपण भांडं हातात धरून, त्याच्या तोंडाकडे बघत, गप्प बसून मनात दहापर्यंत मोजायचं. मी घरी येऊन लिहिलं, 'पाणी मागणे. दहा मोजा.' आणि लावलं फ्रिजला.

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाई काय ध्येय शे का? कलेक्टर लिख त्यामा!" ते पेन घेऊन उठलेच होते. तुमच्याकडे असे नाना नसतील तर मित्रमंडळीतून एखादे मिळवा. ध्येय लहान असेल तर ते गाठलं जाण्याची शक्यता वाढते, आणि गाठल्यावर उरलेल्या दिवसांचं करायचं काय, हा मोठाच प्रश्न. कलेक्टरचं बरं असतं. पंचवीस वर्षं तरी कुणी हिशेब मागत नाही.

आता त्या दहा आकड्यांबद्दल. मॅडमनी हे काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिलं. तेव्हा आमच्याकडे खानदेशात पारा ४५च्या आसपास घुटमळत असतो आणि कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. अशा दिवसांत तहानलेल्या लेकरासमोर पाण्याचं भांडं धरून गप्प उभी असलेली आई कशी दिसते, याची कल्पना करा. कैदाशीण. सासूबाई मला तीनपर्यंत मोजू द्यायच्या. चारला त्यांचा हात भांड्यावर. "पोऱ्याले तीस लागेल शे, नि तू आकडा मोजी राहिनी?" (तीस म्हणजे तहान, आकडा नव्हे.) माझी सगळ्यात लांब मजल सहापर्यंत गेली होती, तीही त्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला गेल्या होत्या म्हणून.

खरं सांगायचं तर पोऱ्याला बोलण्याची गरजच काय होती? घरात सात माणसं, सातही त्याच्या भुवईवर चालणारी. त्यानं माठाकडे पाहिलं की पाणी. डब्याकडे पाहिलं की बिस्कीट. दाराकडे पाहिलं की आजोबांच्या पायांत चपला. त्याच आखाजीला आम्ही रिवाजाप्रमाणे घागर भरली, पितरांसाठी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात न मागता पाणी मिळण्याचा मान दोघांनाच आहे, पितरांना आणि पोऱ्याला. तुम्हीही हा मान जपा. मुलाला तहान लागायच्या आत पाणी द्या, भूक लागायच्या आत घास भरवा, आणि मग संध्याकाळी ओट्यावर बसून काळजी करा की हा बोलत का नाही.

सल्ले वेगवेगळे गोळा करत हिंडायचा कंटाळा असेल तर कानबाईपर्यंत थांबा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि या दोन दिवसांसाठी पुण्या-मुंबईची, सुरतेची सगळी भाऊबंदकी आठवडाभर आधीच एका छताखाली येते. रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात. पोऱ्याचेही घेतले. सव्वादोन वर्षांच्या माणसाच्या नावाचे सव्वा मूठ गहू जात्यापाशी पडले, आणि सव्वा मण सल्ले फ्रिजपाशी. कागद तिथेच होता ना.

मोठीमायनं सुरुवात केली. ती माझी आजेसासू, नव्वदीला टेकलेली. "याना बापबी पाच वरीसना व्हयना तवय बोलना." म्हणजे काहीच करू नका. पुरावा भक्कम होता, कारण याचा बाप तिथेच बसला होता आणि तेव्हाही काही बोलला नाही. फुई, म्हणजे आत्या, म्हणाली, काहीच करू नका कसं, वेखंड उगाळून जिभेला चोळा. शिवाय पोपटाचा उष्टा पेरू. आता उष्टा पेरू आणणार कुठून, आणि तो पोपटाचाच आहे, वटवाघळाचा नाही, हे ठरवणार कोण? पण फुईनं दोन माणसं शेताकडे पाठवली. भाऊबंदांतल्या जिभाऊंच्या मते जिभेखालची दोरी कापून घ्यायला हवी होती, सव्वा महिन्याचा होता तेव्हाच. मॅडमनी जीभ पाहिली आहे, दोरीबिरी काही नाही, असं मी सांगितलं. "मॅडमले काय समजस?" जिभाऊंचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तरीच, असं माझ्या मनात येऊन गेलं.

पुण्याची जाऊ शिकलेली. तिनं सगळ्यांना गप्प केलं आणि मोबाइलच मुळावर आला असं सांगितलं. यात ती शंभर टक्के बरोबर होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. तिनं हे अगदी तारखेसकट सांगितलं. मग आरतीच्या वेळी पोऱ्या चुळबुळ करायला लागला, तेव्हा तिनंच आपला फोन त्याच्या हातात दिला, त्यात मुलांना बोलायला शिकवणारं एक ॲप होतं. आरती चाललीय तोवर, असं म्हणाली. आमच्याकडे एकीमागून एक पाच आरत्या होतात.

इथे वाचकांसाठी एक मोलाची सूचना. दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध असले म्हणून घाबरू नका. दोन्ही पाळा. प्रत्येक सल्ला बरोबर दोन दिवस पाळावा, म्हणजे तो उपयोगी की निरुपयोगी हे कधीच कळत नाही आणि नातीही टिकतात. माझ्या त्या श्रावणाच्या पानावर अशा नोंदी आहेत: सोम-मंगळ वेखंड (पोऱ्यानं तिसऱ्यांदा फुईवरच थुंकलं, डॉक्टरांनी फोनवरून हात जोडले, बंद). बुध-गुरू अजिबात काही न करणे. शुक्रवारी फक्त इंग्रजी.

हो, इंग्रजीचं राहिलंच. पोऱ्या बोलत नाही याला आमची अहिराणी जबाबदार आहे, हा शोध दिराच्या मेहुण्यानं लावला. आजी अहिराणी बोलते, आई शाळेची मराठी, टीव्ही हिंदी. लेकरू गोंधळून जातं. उपाय? चौथी भाषा, इंग्रजी. खरं तर दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल बोलायचं थांबत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुमच्या तोंडात जी भाषा सहज येते तीच बोला, सगळ्यांनी, भरपूर. पण हे इतकं सोपं आणि फुकट होतं की कुणाला पटेना. अहिराणी बंद करायचं ठरलं. मोठीमाय दोन दिवस मुकी बसली, कारण तिला दुसरं काही येतच नाही. घरात आता न बोलणारे दोघे झाले. गंमत म्हणजे ज्या मेहुण्यानं हा उपाय सांगितला, तो पदवीधर झाला जळगावच्या विद्यापीठातून. २०१८पासून त्या विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाईंचं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. गायल्या ते सगळं घरच्याच बोलीत. प्रमाणपत्राच्या चौकटीत मात्र ते नाव छान दिसतं.

तुलनेशिवाय मुलाचा विकास होत नाही, हेही ध्यानात ठेवा. शेजारची पोरगी पोऱ्याहून तीन महिन्यांनी मोठी, आणि दारात कुणी आलं की इंग्रजी कविता म्हणते, हातवाऱ्यांसकट. तिची आई प्रेमानं विचारते, "अजून नाही का बोलत?" हा प्रश्न रोज संध्याकाळी, साडेसहाला. गंमत अशी की हेच शेजारी केळीचे बागायतदार. पावसाच्या तोंडावर लावलेली मृगबाग कधी कापणीला येईल आणि पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग कधी, हे ते झोपेतही सांगतील. मृगात लावलेल्या बागेशी कांदेबागेची तुलना करून 'यांचा घड झाला, आमचा का नाही' असं ते बांधावर उभं राहून कधीच म्हणणार नाहीत, व्यापारी हसेल. टिश्यू कल्चरची रोपं आल्यापासून मात्र घड एकसारखे, जवळजवळ एकाच वेळी कापणीला येतात, आणि मला वाटतं तिथूनच आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलं. पोरंही आता ट्रेमधून आणल्यासारखी एका उंचीची हवीत. चालण्याचंच घ्या ना. धडधाकट मुलं नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत केव्हाही चालायला लागतात. पण आमच्या गल्लीत अकरावा महिना उलटला की फोन सुरू होतात.

शाळेचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवीन काही नाही. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत असं २०२०च्या शैक्षणिक धोरणानं म्हटलंय. म्हणून तर अडीच वर्षांपासून तयारी. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की मुलाची मुलाखत होईल. मी म्हटलं, तो बोलत नाही. त्या म्हणाल्या, मग तुमची होईल.

या सगळ्यात एका व्यक्तीपासून मात्र सावध राहा. आमच्या गल्लीच्या टोकाला अंगणवाडी आहे. तिथल्या ताई पोऱ्याला वजनासाठी बोलवायच्या आणि आम्ही जायचो नाही, कारण तिथे गरिबांची मुलं जातात असं घरात ठरलेलं होतं. एकदा त्या रस्त्यातच भेटल्या. वेखंड नाही, पेरू नाही, बाप कधी बोलला तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कान तपासात का याना?" मूल बोलत नसेल तर आधी ऐकू येतंय का ते पाहायचं असतं, त्यासाठी सरकारी तपासणी असते, जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र आहे, पैसे लागत नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. झोपलेल्या पोऱ्याच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली, कान ठणठणीत निघाले, आणि तिथूनच आम्हाला मॅडमचा पत्ता मिळाला. म्हणजे या गोष्टीतलं जे काही कामाचं होतं ते सगळं त्या ताईंच्या एका वाक्यातून आलं. कानबाईला त्यांना बोलवायचं राहून गेलं. भाऊबंद नाहीत ना त्या.

तर तीन महिने असे गेले. फ्रिजवरच्या कागदावर आता 'पाणी मागणे'च्या खाली नानांच्या अक्षरात 'कलेक्टर', जावेच्या अक्षरात त्या ॲपचं नाव, आणि कुणीतरी हळदीच्या बोटानं ओढलेली एक रेघ होती. 'दहा मोजा' त्या रेघेखाली गेलं होतं.

कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार. नदीवरून सगळे परत आलेले, कुणी जात्याला टेकलेलं, कुणी आडवं पडलेलं, बायका रोटांच्या चुऱ्यात गूळ-तूप कालवत होत्या. पहिल्यांदाच त्या घरात कुणाचं पोऱ्याकडे लक्ष नव्हतं. तो माठापाशी गेला. माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही, खरं सांगते, थकले होते म्हणून. पोऱ्या म्हणाला, "पानी."

खोलीत शांतता. मग एकच गलका. फुईनं सुरतेला फोन लावला, वेखंडाचा गुण सांगायला. मोठीमाय म्हणाली, मी म्हटलंच होतं, आपोआप बोलेल. जिभाऊ म्हणाले, दोरी सैल झाली असेल. जाऊ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "व्हेरी गुड! आता म्हण, वॉटर." तो म्हणाला, "पानी." नाना म्हणाले, "पाणी म्हण बेटा, ण. बाणातला ण." तो म्हणाला, "पानी." मेहुण्यानं व्हिडिओ काढायचा म्हणून परत एकदा म्हणायला लावलं. "पानी."

मी सवयीनं मनात मोजत होते. दहा होऊन गेले, अकरा, बारा. चौदाला पोऱ्यानं कानबाईपुढचा पाट ओढत माठापाशी नेला, त्यावर चढला आणि माठावरचं झाकण दोन्ही हातांनी उचललं. ते फरशीवर पडून गरगर फिरत राहिलं, तेव्हा कुठे सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"देखस काय," सासूबाई माझ्यावर ओरडल्या, "पानी दे त्याले!"