मुलं कमी झाली, पण ठरवलं कोणी?

"शिकलेल्या पोरींना मुलंबाळं नकोच असतात" हे हल्ली कुठल्याही हळदीकुंकवाला, कुठल्याही बारशाला कानावर येतं. आता तर तीन मुलं होऊ द्या म्हणून व्यासपीठांवरूनही सांगायला लागलेत. मी बीड जिल्ह्यात हायस्कूलला शिकवते आणि हे बोलणं मला फार लागतं. माझ्या वर्गातल्या मुलींना "नको" तर सोडाच, "थांबा" म्हणायचीसुद्धा अजून सोय नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. महाराष्ट्राची एकूण सरासरी १.७. वाचून वाटतं, झालं, शाळेनं काम केलं. पण त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. विवाहित बायकांपैकी निम्म्यांच्या आसपास ऑपरेशन झालेल्या, आणि नसबंदी केलेले पुरुष अर्धा टक्कासुद्धा नाहीत.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की आमच्याकडची बाई दिसते. सतराव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत दिवस, विशीत दुसरं, मुलगा झाला की ऑपरेशन. पंचविशीच्या आत सगळं उरकलं. मुलं दोनच, म्हणजे सरकारदरबारी आदर्श कुटुंब. यातलं एक तरी तिनं ठरवलं का?

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले आईबाप मुकादमाबरोबर साखर कारखान्यावर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. मागे राहते आजी आणि नववीतली पोर. "मॅडम, तरणी पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची?" असं बाप विचारतो तेव्हा तो दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. त्यात कोयता जोडीचा लागतो, म्हणजे ऊस तोडायला नवरा-बायको मिळून घेतात. लग्न झालं की नवी जोडी, नवी उचल. गावातली शाळा आठवीला संपते. पुढे तालुक्याला जायला एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली तर स्टँडवरच अंधार पडतो. चार दिवस असं झालं की शाळा सुटते, आणि शाळा सुटली की स्थळं यायला वेळ लागत नाही.

गणितात फार चांगली असलेली माझी एक विद्यार्थिनी अशीच नववीनंतर आली नाही. पुढे आठवडी बाजारात भेटली, एक कडेवर, एक पोटात. मी तांबीचं विचारलं. म्हणाली, "मुलगा होईस्तोवर काही बसवायचं नाही म्हणल्यात सासूबाई." आणि नवरा काय म्हणतो? "त्यांच्याशी असलं कसं बोलायचं, मॅडम?"

तो नवरा बारावी पास आहे. म्हणून मला वाटतं, बाईच्या शिक्षणाची वर्षं मोजून आपण अर्धाच हिशेब करतो. मुलगी बारावीपर्यंत टिकली तर लग्न तेवढं लांबतं, बँकेत, दवाखान्यात एकटी जायची सवय होते, घरात तोंड उघडायचं बळ येतं. हे फार मोलाचं आहे, त्यासाठीच मी शिकवते. पण समोरच्यानं ऐकायला कुठे शिकायचं? पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीनं पुढे अंगमेहनत होत नाही, हा गैरसमज चांगले पदवीधर मला छातीठोकपणे सांगतात. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, आणि किती वर्गांत तो "घरी वाचा" म्हणून सोडला जातो हे शिक्षकांना ठाऊक आहे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते १९२१ साली. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. शंभर वर्षांनंतर आम्ही मुलामुलींपुढे एक धडा मोकळेपणानं शिकवू शकत नाही, याची मला लाज वाटते.

पुण्या-मुंबईतली तिशीची मुलगी नोकरी, पाळणाघर, घराचा हप्ता बघून एकावर थांबते किंवा मूल नकोच म्हणते. तो तिचा आणि तिच्या नवऱ्याचा प्रश्न. तिला कुणी आकडा सांगू नये, ना दोनचा ना तीनचा.

माझं मागणं ऊसपट्ट्यातल्या गावांसाठी आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं दिवाळीनंतर महिन्यानं नव्हे, कारखान्याचं बॉयलर पेटायच्या आत सुरू व्हावीत, आणि नववी ते बारावीच्या मुलींना त्यात हक्कानं जागा मिळावी. तालुक्याची संध्याकाळची गाडी शाळेच्या वेळेला सुटावी. तुमच्यापैकी जे शाळा व्यवस्थापन समितीत आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढे दोन ठराव मांडावेत. मजकूर हवा असेल तर मी लिहून देते.