ती मुंबई इंग्रजांच्या नावावर करून देऊ नका

शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी जुन्या मुंबईची रंगीत पोस्टकार्डं टाकली आणि भांडण पेटलं. बोरीबंदर, राजाबाई टॉवर, ट्रामच्या रुळांशेजारून चाललेली व्हिक्टोरिया घोडागाडी, एस्प्लनेडचा रिकामा रस्ता. एका बाजूचं म्हणणं, बघा, साहेबाच्या काळात शहर कसं स्वच्छ आणि मोकळं होतं, मग लोंढे आले आणि सगळ्याची वाट लागली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ही गुलामगिरीची चित्रं आहेत, ती मिरवायला लाज कशी वाटत नाही. मी दोघांनाही उत्तर द्यायला गेले, तर एका वर्गमित्रानं लिहिलं, ‘तू फ्रँकफर्टला बसून आम्हाला मुंबई शिकवू नकोस.’ ग्रुपवर मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

त्या वाक्याचा राग आलाच. पण त्याहून जास्त राग याचा आला, की एकमेकांच्या उरावर बसलेल्या या दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत होतं. मुंबई इंग्रजांनी बांधली, यावर.

बोरीबंदर स्टेशनचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, हे खरं. 1878 ते 1888 अशी दहा वर्षं ते काम चाललं. त्या दगडांवरची पानं, मोर, माकडं, जाळ्या घडवल्या त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी, जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली. त्या काळातल्या इमारतींना दगड लागला तो मालाडचा आणि कुर्ल्याचा. पाया खणणाऱ्या, घमेली वाहणाऱ्या कामाठ्यांच्या वस्तीचं नाव आजही कामाठीपुरा आहे. आणि पैसा? हे स्टेशन ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं, तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारनं दिली होती, आणि ती हमी हिंदुस्थानच्या महसुलातून भागवली जायची. राजाबाई टॉवर तर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, त्यांच्या आईच्या नावानं. ताज हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. दगड आपला, हात आपले, पैसा आपला, आणि सातबारा मात्र साहेबाच्या नावावर चढवायला आपण तयार. एक पक्ष कृतज्ञता म्हणून, दुसरा संताप म्हणून.

फ्रँकफर्टच्या ज्या हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्टेशनावर, मी रोज गाडी बदलते ते स्टेशनही 1888 सालीच सुरू झालं. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल पेलणारा अ‍ॅटलस आहे, आपल्या घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे. फ्रँकफर्ट हे स्वतंत्र शहर होतं, ते 1866 साली प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्यानं गिळलं. एवढी जबर खंडणी मागितली, की महापौर कार्ल फेलनर यांनी गळफास घेतला. स्टेशन उभं राहिलं ते प्रशियाच्याच राजवटीत. पण हे स्टेशन प्रशियाचं, असं म्हणताना मी इथे कुणालाही ऐकलेलं नाही. ते फ्रँकफर्टचं आहे. प्रशियानं या शहराला जे केलं ते इंग्रजांनी आपल्याला केलं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे मला कबूल आहे. तरीही आपलं स्टेशन आपलं म्हणायला आपल्याला एवढा त्रास का व्हावा?

आणि मुंबईनं हा हिशेब रस्त्यावर कधीच केलेला आहे, ग्रुपवरच्या शहाण्यांपेक्षा नेटका. फ्लोरा फाउंटन कुणी फोडलं नाही. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं आणि चौकाला त्यांचं नाव मिळालं. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड 1965 साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, आणि 2017 साली काळा घोडा भागात पुन्हा घोडा आला तो स्वाराशिवाय. बोरीबंदरला छत्रपतींचं नाव मिळालं याचा मला आनंदच आहे. नाव बदललं म्हणून मोराची पिसं घडवणाऱ्याचा हात बदलत नाही.

आता ‘स्वच्छ आणि मोकळी’ मुंबई. शनिवारी इथे माइन नदीच्या काठी, शाउमाइनकाइवर जुना बाजार भरतो. तिथे पोस्टकार्डांचे खोके असतात, गावांच्या नावांनी लावलेले. हेस्सेन, राइन, बाल्टिकचे किनारे, आणि अगदी मागे आशिया. त्या मागच्या कप्प्यात मला मुंबई सापडते. क्लिफ्टन आणि कंपनीची कार्डं असतात, इतर प्रकाशकांची असतात, आणि पुष्कळांच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे कार्ड जर्मनीत, सॅक्सनीत छापलं. मळवलीच्या रविवर्मा प्रेससारख्या छापखान्यांनी आपल्याकडेही कार्डं काढली, पण पहिल्या महायुद्धापर्यंत जगातल्या चित्रकार्डांचा मोठा धंदा जर्मन छापखान्यांच्याच हातात होता. फोटो काळा-पांढरा जायचा आणि रंग इथे चढायचे. ज्यानं अरबी समुद्र पाहिला नाही त्यानं ठरवायचं की मुंबईचं आकाश किती निळं. ग्रुपवरच्या मित्रांना जे आकाश ‘तेव्हाची शुद्ध हवा’ वाटलं, ते छापखान्यातल्या शाईचं आहे.

आणि रस्ते मोकळे का दिसतात? चित्रकार्डांचा बहर साधारण 1900 ते 1914. मुंबईत प्लेग आला 1896 साली, आणि पुढे कितीतरी वर्षं दर हंगामाला परतत राहिला. 1891 च्या जनगणनेत शहराची वस्ती 8 लाख 21 हजारांवर होती, 1901 साली ती 7 लाख 76 हजारांवर आली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटली, कारण माणसं मरत होती आणि कोकणात, देशावर पळत होती. मांडवीतल्या, गिरगावातल्या खोल्यांत हवा-उजेड नव्हता म्हणून 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करावा लागला. ज्या वर्षांची कार्डं पाहून तुम्ही ‘काय ते दिवस’ म्हणता, ते दिवस हे होते. कॅमेरा फोर्टात उभा राहिला, मांडवीच्या गल्लीकडे त्यानं पाठ केली.

कधी त्यानं ‘नेटिव्ह’ भागाकडे तोंड केलंच, तर काय टिपलं तेही बघा. भेंडीबाजार, काळबादेवी, धोबी, आया, नाचणारीण, पारशी जिथे मृतदेह ठेवतात त्या दख्म्यावरची गिधाडं. आणि स्मशान. मुंबईच्या हिंदू स्मशानातल्या चितांची चित्रकार्डं छापून विकली गेली आहेत. असं एक कार्ड माझ्या हातात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. लाकडं रचलेली, बाजूला धोतरातली माणसं, आणि चित्राखाली उरलेल्या जागेत जर्मन अक्षरात कुणाला तरी उन्हाळ्याच्या शुभेच्छा. पूर्वी कार्डाची पाठ फक्त पत्त्यासाठी असायची, मजकूर चित्राच्या बाजूलाच लिहावा लागे. ती चिता आपल्यापैकी कुणाच्या तरी पणजोबांची असेल. गुलामगिरीची चित्रं म्हणणाऱ्या मित्राला मी इथे हजार टक्के मानते. पण म्हणून ती फेकायची? मी ते कार्ड विकत घेतलं, ते पुन्हा कुठल्या खोक्यात पडू नये म्हणून.

इथल्या लोकांना जुन्या शहराच्या चित्रांचं वेड आपल्यापेक्षा कमी नाही. 22 मार्च 1944 च्या बॉम्बहल्ल्यात फ्रँकफर्टचं लाकडी घरांचं जुनं गाव जळून गेलं. त्या जागी 1974 साली महापालिकेची काँक्रीटची कचेरी आली, 2010 साली ती पाडायला घेतली, आणि 2018 साली तिथे 35 घरांचं ‘नवं जुनं गाव’ उघडलं. त्यातली 15 घरं जुन्याची हुबेहूब प्रतिकृती. जुने फोटो आणि नकाशे डोळ्यांसमोर ठेवून गवंड्यांनी नक्षी उतरवली. मला ते गाव जरा जास्तच गोजिरं वाटतं, पण चित्राकडे बघून नुसतं हळहळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्खे या चर्चचे दरवाजे नव्यानं घडवताना लोकांच्या लग्नांचे अल्बम कामाला आले, कारण नवरा-नवरी दरवाजात उभी राहून फोटो काढायची.

आणि इथे कुणी ‘जुनं फ्रँकफर्ट किती सुंदर होतं’ म्हणालं, की कुणीतरी विचारतंच, मग बोर्नेप्लात्झचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, कुठे गेलं? त्याचीही चित्रकार्डं होती. ते बॉम्बनं पडलेलं नाही, 1938 च्या नोव्हेंबरात शहरातल्याच लोकांनी पेटवलं. जवळच्या ज्यू दफनभूमीच्या भिंतीवर नाझींनी मारलेल्या इथल्या ज्यूंची जवळपास 12,000 नावं कोरलेली आहेत. सुंदर होतं हेही खरं आणि जाळलं हेही खरं, ही दोन वाक्यं एकाच बैठकीत बोलायची सवय या लोकांना आहे. आमच्या ग्रुपवर एक वाक्य बोललं की दुसरं बोलणारा देशद्रोही ठरतो.

वॉटसन हॉटेलचं बघा. 1860च्या दशकातली ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची इमारत, 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाची चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा हलली ती तिथे. कार्डांवर ती दिमाखात उभी आहे. प्रत्यक्षात, एस्प्लनेड मॅन्शन या नावानं, 2005 साली तिचा भाग कोसळून माणूस दगावला, 2019 साली न्यायालयाच्या आदेशानं ती रिकामी करावी लागली, आणि दुरुस्ती की पाडकाम यावर तज्ज्ञांत वाद झाले. कठड्याची मूळ नक्षी, सज्जांची ओळ जुन्या कार्डांवर दिसते. कार्ड हे दुरुस्तीचं कागदपत्र आहे. कुणी तसं वापरायला मागितलं तर माझ्याकडची सगळी कार्डं मी स्वतःच्या खर्चानं स्कॅन करून पाठवीन.

आता माझ्या वर्गमित्राच्या त्या वाक्याकडे येते, कारण ते माझ्या मनातून जात नाही.

ही कार्डं विकत घेणारे कोण होते? बोटीनं आलेले, चार दिवस राहून पुढे गेलेले, किंवा नोकरीची वर्षं संपली की परतणारे. मुंबईत राहणाऱ्याला मुंबईचं चित्र कुणाला धाडायची गरज नव्हती. आमच्या घरी यायचं ते पिवळट पोस्टकार्ड, माथ्यावर ‘श्री’, जागा पुरली नाही म्हणून समासात उभी लिहिलेली ओळ. कोपरा फाटलेला दिसला, म्हणजे कुणी गेल्याची बातमी, की आजी ते वाचण्याआधीच खाली बसायची. चित्राचं कार्ड त्या घरात कधी आलं नाही. आणि आज फ्रँकफर्टमधल्या बोर्नहाइमच्या माझ्या घरात भिंतीवर चित्रांचीच कार्डं आहेत, चौकटीत घातलेली. ज्यांच्यासाठी ती छापली गेली त्यांच्याच जागी मी येऊन उभी राहिले आहे. मित्राचं वाक्य टोचलं ते इथे.

त्या कार्डांत मी शोधत असते ते आमच्या चाळीचं ठाकूरद्वार. ते सापडत नाही. चाळ कुणाला सुंदर वाटली नाही, गिरणीचा भोंगा कागदावर छापता येत नाही. आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा संमतीपत्रावर मीही सही केली. आईला लाकडी जिना चढवत नव्हता आणि संडास मजल्याच्या टोकाला होता. आज ती लिफ्टनं वर जाते. त्या सहीचं मला वाईट वाटत नाही, आणि जे कधी चाळीत राहिले नाहीत त्यांनी चाळीच्या आठवणींनी गहिवरू नये असंही मला वाटतं. पण पाडण्याआधी तो जिना, ती गॅलरी, गणपती बसायचा तो चौक यांची पद्धतशीर नोंद कुणी केली नाही. फोर्टातल्या प्रत्येक खांबाची आहे. आमच्या खांबांची नाही.

इथलं नागरिकत्व घ्यायचं तर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. अर्ज भरलेला आहे, कपाटात आहे. तो पाठवला तर मुंबईवर बोलायचा माझा हक्क संपतो का, याचं उत्तर मला वर्गमित्राकडून नको आहे, पण माझ्यापाशीही नाही. एवढं कळतं, की कार्डं चाळताना अनोळखी इमारतींच्या मधूनही माझी नजर चर्नी रोडच्या दिशेला जाते, आणि ती दिशा मला कुणाला विचारावी लागत नाही.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही पक्षांना माझं सांगणं आहे. साहेबाची मुंबई छापून झालेली आहे, तिची काळजी करू नका. गिरगाव, लालबाग, परळ, डिलाईल रोड इथल्या घराघरांतले लग्नाचे आणि मुंजीचे अल्बम काढा. प्रत्येक फोटोच्या मागे कठडा आहे, जिना आहे, पाण्याचं पिंप आहे. साल, चाळीचं नाव आणि मजला लिहा आणि मला पाठवा, मी नीट लावून सगळ्यांसाठी खुलं करते. नवरा-नवरीपुरता फोटो कापू नका. अख्खा पाठवा.