खड्डे खणून बुजवले म्हणे!

रोजगार हमीचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर साधारण असा : 1930 च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेनं बेकारांना खड्डे खणायला आणि तेच बुजवायला लावलं, कुत्रंही फिरकत नाही अशा बेटांवर रस्ते-पूल बांधले, काम सगळं कच्चं, मंदी हटली ती महायुद्धामुळे, आणि आपली रोहयो म्हणजे त्याचीच नक्कल.

खड्ड्यांची गोष्ट बहुतेक वेळा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सच्या नावावर खपवली जाते. त्यानं 1936 मध्ये लिहिलं ते असं की, सरकारनं बाटल्यांत नोटा भरून जुन्या खाणींत पुरल्या आणि लोकांनी त्या उकरल्या, तरी काहीच न करण्यापेक्षा ते बरं. आणि लगेच पुढे म्हणाला की घरं बांधणं अर्थातच जास्त शहाणपणाचं. टोमणा होता तो, आणि फॉरवर्डमध्ये त्याची योजना झाली!

आता बेटांचं बघू. वॉशिंग्टन राज्यातलं व्हिडबी हे तेव्हा शेतकऱ्यांचं बेट. त्याच्या उत्तर टोकाला डिसेप्शन पास नावाची चिंचोळी खाडी आहे, भरती-ओहोटीला तिथल्या पाण्याचा वेग आठ नॉटपर्यंत (ताशी सुमारे 15 किलोमीटर) जातो. पलीकडे फिडाल्गो बेट. पूल नव्हता तेव्हा फिडाल्गोच्या काठावर टांगलेल्या करवतीच्या पात्यावर हातोडा हाणायचा आणि फेरीबोट येईपर्यंत वाट बघत बसायचं. पुलाची मागणी मंदीच्या कितीतरी आधीची, 1929 मध्ये तर विधिमंडळानं केलेली तरतूद गव्हर्नरनं अडवली होती. अखेर सार्वजनिक कामांच्या निधीतून 31 जुलै 1935 ला पूल खुला झाला : मधल्या खडकाळ बेटावर टेकलेले दोन भाग, मिळून 1,487 फूट, पाण्यापासून सुमारे 180 फूट उंच. पोलादी काम सिएटलच्या कंत्राटदाराचं, जोडरस्त्याचं काम सीसीसी या सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांचं. सात वर्षांनी नौदलानं व्हिडबीवर विमानतळ उभारला. पुलाखालचं उद्यान आज राज्यातल्या सर्वाधिक गर्दीच्या उद्यानांपैकी एक आहे. कुत्र्याचं माहीत नाही, माणसं बऱ्यापैकी फिरकतात.

सीसीसी म्हणजे 1933 मध्ये सुरू झालेली तरुणांची संवर्धन सेना. सुरुवातीला भरती 18 ते 25 वयाच्या अविवाहितांची, पगार महिना 30 डॉलर, त्यातले साधारण 25 थेट घरी. ‘कच्चं काम’ म्हणणाऱ्यांनी त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या ऑर्कस बेटावरचा माउंट कॉन्स्टिट्यूशनचा मनोरा बघावा. वास्तुरचनाकार एल्सवर्थ स्टोरी यांनी तो कॉकेशस भागातल्या मध्ययुगीन टेहळणी बुरुजांच्या धर्तीवर आखला. वालुकाश्म बेटावरच्याच खाणीतला, जाळ्या-कड्या हातानं घडवलेल्या लोखंडाच्या. शहरी पोरांना हे कुठून जमणार? म्हणून छावण्यांत मुद्दाम स्थानिक अनुभवी कारागीर नेमायचे, गवंडी, सुतार. पोरं त्यांच्या हाताखाली शिकली. मनोरा 1936 चा आहे, लोक अजून जिने चढून वर जातात.

युद्धामुळे मंदी हटली, हे अर्धं खरं. 1933 मध्ये कामकऱ्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा बेकार होता. 1937 पर्यंत हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास आलं. मग सरकारनं हात आखडता घेतला आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा 19 च्या घरात गेलं. पूर्ण रोजगार युद्धानंच आणला, कबूल. पण युद्धाचा पैसा कुणी खर्च केला? सरकारनंच ना!

नक्कल म्हणणाऱ्यांना वि. स. पागे माहीत नसावेत. रोहयोची कल्पना त्यांची, पहिला प्रयोग 1965 मध्ये तासगाव तालुक्यातला. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि तिच्या खर्चासाठीच 1975 मध्ये व्यवसाय कर आला. फॉरवर्ड पाठवणाऱ्या नोकरदाराच्या पगारातून तो अजून कापला जातो, वर्षाला कमाल 2,500 रुपये.

सीसीसीवर टीका करायचीच तर जागा आहेत. काळ्या तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या. बायकांना तर सीसीसीत प्रवेशच नव्हता, त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहानं निघालेल्या निवासी शिबिरांत मिळून साडेआठ हजारच जणी गेल्या, तर सीसीसीत तीसेक लाख पुरुष. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या केंद्रांवर बायका पहिल्यापासून होत्या. फॉरवर्डमध्ये यावर एक ओळही नाही.