पिलर आडवा येतोय? काढून टाका!

हॉल मोठा करायचाय? आधी टाइल्स निवडा, मग सोफा, मग फॉल्स सीलिंगचे दिवे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नावही काढू नका. तो भिंतीला टिचक्या मारतो, जुने नकाशे मागतो आणि वर फी घेतो. त्यापेक्षा कंत्राटदार बरा. ‘साडेचार इंचीच आहे साहेब, नुसती पडदी,’ असं तो म्हणाला की घण चालवा. इमारत जुनी, लोड बेअरिंगची असेल तर आणखी सोपं: तिथे पिलर नसतातच, वरचे मजले भिंतीच पेलतात, त्यामुळे पिलर तोडल्याचा आळ तुमच्यावर येणं शक्यच नाही. घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 ला कोसळली, 17 जण गेले, तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं. पण तुम्ही तर चौथ्या मजल्यावर राहता.

संडासही हलवून घ्या, खालच्यांच्या देवघरावर आला तरी. तिथे पाइपांसाठी स्लॅब खाली सोडलेला नसेल, तर फरशीच नऊ इंच उचला आणि पाइपांभोवती विटांचे तुकडे भरा. पाच बाय सात फुटांच्या जागेत ही भर साधारण सव्वा टन होते. घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला 200 किलो धरलेले असतात, म्हणजे तेवढ्या जागेत साडेसहाशे. उरलेलं देव बघून घेईल, खालीच आहे. पाइप लपवायला बीममध्ये खाच मारताना सळ्यांच्या रिंगा लागल्या, तर त्याही कापा. प्लास्टर केल्यावर कोणाला दिसतंय?

परवानगीचं म्हणाल, तर रंग, प्लास्टर आणि फरशी बदलायला मुंबईत पालिकेची परवानगी लागत नाही, एवढं वाक्य पाठ करा. पुढचं वाचू नका. पुढे भिंती आणि पिलर येतात. सोसायटीच्या सेक्रेटरीने लेटरहेडवर ‘हरकत नाही’ लिहून दिलं, की ती पालिकेची मंजुरीच समजा. बाल्कनी बंद करून बेडरूम केली असेल तर घरपट्टीची पावती फ्रेम करून लावा. अनधिकृत बांधकामावर कर घेतला म्हणून ते नियमित होत नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलंय, पण फ्रेम छान दिसते.

आता शेजाऱ्याचं बांधकाम. तक्रार जरूर करा, मात्र काम पुरं झाल्यावर. काम चालू असताना केलीत तर पालिका मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 354अ खाली ते थांबवायची नोटीस देऊ शकते, आणि उगाच ते थांबायचं. एकदा बेडरूममध्ये पलंग पडला की त्याच कायद्याच्या कलम 351 ची कारणे दाखवा नोटीस निघते, त्याला उत्तर जातं, मग कोर्टातून स्थगिती येते. सगळ्यांना वेळ मिळतो.

तक्रार तोंडीच करा. लेखी करावी लागलीच, तर ‘आमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये’ एवढा पत्ता पुरे. सीटीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक), मजला, विंग, तारखेसकट फोटो, भिंत कुठून कुठे सरकली त्याचं माप, यातलं काही जोडू नका. नाहीतर बीट ऑफिसरला, म्हणजे त्या भागाच्या पालिका अधिकाऱ्याला, नेमक्या दारावर जावं लागेल. वॉर्ड ऑफिसात कागद टेबलावर ठेवून निघा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मागितलात, तर तो कागद पुढे हरवता येत नाही.

आणि माहिती अधिकाराच्या फंदात मुळीच पडू नका. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, की 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती हातात पडू शकतात. तो नकाशा अख्ख्या मजल्याचा असतो. शेजाऱ्याची भिंत शोधायला पसराल आणि त्याच पानावर, दोन बोटांवर, तुमचीही बाल्कनी दिसेल. उघडी.