चहातून चहा काढून टाकण्याची कला

तुम्ही अजूनही चहा नुसता आवडतो म्हणून पीत असाल, तर आधी ते बंद करा. हल्ली आवडतं म्हणून कोणी काही पीत नाही. चहा प्यायचा तो अँटिऑक्सिडंटसाठी, चयापचयासाठी आणि साडूने पोट आत घेतलंय म्हणून.

सुरुवात ग्रीन टीने करा. घरी आणल्यावर तो आपल्या पद्धतीने, खळखळा, पाच मिनिटं उकळा. त्या पानांना सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी आणि दोन-तीन मिनिटं पुरतात, असं पाकिटावर छापलेलं असतं. पण पाकीट वाचून चहा करायला आपण काय परीक्षेला बसलोय? उकळून तो कडूजहर होईल. उत्तम. कडू ते औषधी, हे आपल्याला काढ्यांनी लहानपणीच शिकवलंय. डोळे मिटून गिळा, आणि तोंडाला चव यावी म्हणून वर चार भजी खा. चरबी जाळायचं खातं आता ग्रीन टीकडे आहे, तुम्ही त्यात लक्ष घालू नका.

मध्येच एखादा आगाऊ इसम सांगेल की ग्रीन, व्हाइट, ऊलाँग आणि टपरीवरची भुकटी ही सगळी एकाच झुडपाची पानं. फरक फक्त खुडणीचा आणि खुडल्यावर पानाला हवा किती लागू दिली याचा. वर तो हेही सांगेल की आपला दाणेदार चहा 1930 च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्राची देणगी आहे. ते यंत्र पान चिरडतं, फाडतं आणि वळतं, म्हणून तर दूध, आलं, वेलची असा सगळा गोतावळा घालून उकळला तरी त्याचा कडकपणा जात नाही. अशा माणसाला चहाला बोलावू नका. त्याने दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीचा चहा भेट दिलाच, तर त्यात अर्धा लिटर म्हशीचं दूध घाला आणि ‘पाणचट आहे हो’ म्हणून परत पाठवा. भारतात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी त्याला मिळालं असेल, पण आपल्याकडे मानांकन साय देते.

ज्या चहात चहाचं एकही पान नाही, तो सगळ्यात आरोग्यदायी समजावा. कंपाउंडवर फुकट वाढलेला गोकर्णाचा वेल आठवतो? देवाला चार फुलं वाहून उरलेली आपण झाडून टाकत होतो. आता तीच वाळवून डबीत भरलेली फुलं ‘ब्लू टी’ म्हणून मागवा. लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. एवढ्या किमतीत जादूचा प्रयोगही मिळतो. जास्वंदीचंही तसंच. वेल मात्र उपटून टाका, फुकटच्या फुलाला गुण येत नाही.

साखरेचा विषय निघाला की गुळाकडे वळा. चमचाभर साखर पाच ग्रॅम धरली, तर दोन चमच्यांचे पाच कप म्हणजे 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला साधारण तेवढीच कमाल मर्यादा घालून दिलीय, आणि 25 वर थांबलात तर बरं असंही म्हटलंय. श्रीखंड अजून वाटीत पडायचंय! पण ‘गुळाचा चहा’ अशी पाटी दिसली की हा हिशेब आपोआप माफ होतो. गूळ गावाकडचा, सेंद्रिय, आजीच्या हातचा. रक्ताला त्यातलं काही कळत नाही, ते गुळालाही साखरच समजतं. पण रक्ताला कुठे मार्केटिंग शिकवलंय?

जेवण झाल्याझाल्या चहा मात्र चुकवू नका. चहातल्या टॅनिनमुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागत नाही, म्हणून तासाभराचं अंतर ठेवा असं सांगतात. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. त्यावर आपला तोडगा तयार आहे: पालकाची भाजी, वर चहा, आणि लोहाची गोळी त्याच चहाबरोबर.

आता बशी. घरातल्या सगळ्या बश्या आजच्या आज भंगारात काढा. बशीत ओतून, फुंकर मारून, फुर्र करून पिणं हे अडाणीपणाचं लक्षण, हे तुम्हाला पहिल्या नोकरीत कळलंच असेल. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 साली जाहीर केलं, की 65 अंशांवरची कढत पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात. चहा-कॉफीचा दोष नाही, दोष तापमानाचा. थोडक्यात, चहाच्या सगळ्या सरंजामात आरोग्याचं खरंखुरं साधन एकच होतं, आणि त्याला कधी पॅकिंग लाभलं नाही. तुम्ही त्याऐवजी चहा तासन्‌तास कढत ठेवणारा स्टीलचा मग घ्या. त्यात सोडायला जाळीदार प्लॅस्टिकची तिकोनी पिशवीही आणा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने 2019 मध्ये मोजलं, तर अशी एक पिशवी गरम पाण्यात एक हजार कोटींहून जास्त सूक्ष्म कण सोडते. कुठल्या टपरीवाल्याने इतकं भरभरून दिलंय?

खरी कसोटी कोणाकडे गेल्यावर लागते. ‘चहा घेणार ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘नको’ हे उत्तरच नाही. ‘अर्धाच’ म्हटलं की पूर्ण कप येतो आणि ‘नको’ म्हटलं की चहाबरोबर पोहेही येतात. तेव्हा खिशातून आपली पिशवी काढा आणि नम्रपणे सांगा, ‘काकू, मला नुसतं गरम पाणी. उकळू देऊ नका, ऐंशी अंशांना गॅस बंद करा.’ काकू तुमच्याकडे बघतील, मग आत बघतील, मग आवाज खाली आणून विचारतील, ‘पोट बिघडलंय का रे? ओवा टाकू त्यात?’ बिनधास्त हो म्हणा. बाजारात त्याला ‘डायजेस्टिव्ह टी’ म्हणतात, आणि काकू तर पैसेही घेणार नाहीत.