सेंट मॅथ्यू बेट ‘वाळवंट’ झालेलं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा: बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर २९ रेनडियर सोडले, त्यांचे ६००० झाले, त्यांनी सगळं फस्त केलं आणि बेट कायमचं वाळवंट झालं.

आकडे खरे आहेत. १९४४ साली अमेरिकी तटरक्षक दलाने २९ जनावरं आणली, १९६३ पर्यंत ती सुमारे ६००० झाली आणि १९६६ मध्ये ४२ उरली. शेवट मात्र चुकीचा आहे.

संपलं ते दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याचंच हे भावंड: ओलं असताना स्पंजासारखं, सुकलं की बोटांत चुरा होणारं. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, त्यामुळे कुरण भरून यायला दशकं लागतात. त्याच्या जागी गवत आणि शेवाळ फोफावलं. बेट हिरवं आहे. पण हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडियर शोधतो ते दगडफूलच, आणि १९६३-६४ चा हिवाळा भयंकर कडक निघाला. त्यातच बहुतेक कळप उपासमारीने मेला.

‘रेनडियर चरले की कुरण मेलं’ हेही खरं नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नॉर्वे-फिनलंड सीमेवरच्या कुंपणापाशी पाहा. नॉर्वेच्या बाजूला सामी लोक (रेनडियर पाळणारे तिथले मूळ रहिवासी) कळप फक्त हिवाळ्यात आणतात. तेव्हा दगडफुलावर बर्फाचं पांघरूण असतं. फिनलंडच्या बाजूला उन्हाळ्यातही कळप फिरतात आणि सुकलेलं दगडफूल खुरांखाली चुरडतं. वरून पाहिलं तर नॉर्वेची बाजू फिकट, पांढुरकी दिसते. तिथं दगडफूल शाबूत आहे.